टाकाऊ वस्तू आणि प्लास्टरचा मुखवटा

इजिप्तमध्ये टॉलेमी घराण्याचे राज्य होते त्या काळी, म्हणजे सुमारे २,२०० वर्षांपूर्वी, मृताच्या चेहऱ्यावर बसविण्याचा मुखवटा घडविणाऱ्या कारागिरापुढे साहित्याचा प्रश्न होताच. सोने राजांसाठी असे. लाकूड त्या देशात दुर्मीळ. तेव्हा त्याने रद्दीकडे हात वळविला. जुने हिशेब, अर्ज, पावत्या, पत्रे असे लिहून निरुपयोगी झालेले पपायरस तो थरावर थर चिकटवून बसवी, ओले असतानाच त्यांना चेहऱ्याचा आकार देई, वर खडूचा किंवा जिप्समचा पांढरा लेप चढवी आणि मग रंग देई. टाकाऊ कागद आत आणि प्लास्टर बाहेर, हा आजच्या शाळेतील कलावर्गाचा मुखवटा त्या मुखवट्याचा थेट वंशज म्हणावयास हरकत नाही.

या मुखवट्यांची पुढील हकिकत अधिक बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांच्या ध्यानी आले की, या आवरणांतील रद्दीवर अक्षरे आहेत व ती वाचता येतील. पोसिडिप्पस नावाच्या ग्रीक कवीच्या ११२ लघुकविता अशाच एका ममीच्या आवरणातून हाती लागल्या व २००१ साली इटलीत प्रसिद्ध झाल्या. परंतु कागद सोडविण्यासाठी लेप भिजवून काढावा लागे. म्हणजे लेख मिळविला की रंगविलेले रूप गेले, आणि रूप राखले की लेख आत अडकून राहिला. पुढे पुष्कळ अभ्यासकांनी असे मुखवटे उकलणे थांबविले आणि निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाने आतील अक्षरे वाचण्याचे मार्ग शोधले जाऊ लागले. दोन पदार्थ एकमेकांस असे घट्ट जोडले होते की, एकाचा बळी दिल्यावाचून दुसरा सुटत नव्हता.

बंगळूरच्या एखाद्या शाळेतील कलावर्गात आज तेच घडते. फरक इतकाच की, तेथे तयार होणारे मुखवटे कोणी दोन हजार वर्षे जपून ठेवणार नाही. चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग एका सत्रात चाळीस मुखवटे करतो. प्रदर्शन होते, पालक कौतुक करतात, आणि पुढील जून महिन्यात कपाट रिकामे करण्याची वेळ येते. या मुखवट्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कलेचा वाटत नाही. परंतु त्याचे उत्तर मुखवटा करावयास घेतो त्याच दिवशी ठरून गेलेले असते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम प्लास्टर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

गेलेले पाणी परत घेणारा दगड

जिप्सम हा निसर्गात विपुल आढळणारा मऊ खनिज पदार्थ होय. नखानेही त्यावर ओरखडा उमटतो. भारतात त्याचे मोठे साठे राजस्थानात आहेत. रसायनदृष्ट्या ते कॅल्शियम सल्फेट असून त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. हा दगड सुमारे १२० ते १६० अंश सेल्सियसपर्यंत तापविला म्हणजे चार हिश्शांपैकी तीन हिस्से पाणी वाफ होऊन निघून जाते व एक हिस्सा तेवढा शिल्लक उरतो. जी भुकटी मिळते तिलाच प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणतात. पॅरिस शहराच्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले.

या भुकटीत पाणी घातले की ती आपले गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा दगड होते. ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे सांगितली ती आंत्वान लाव्हाझिए याने. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून तो पुढे विख्यात झाला. पण १७६५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने वाचलेला पहिला निबंध जिप्समवर होता आणि त्या वेळी त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पाणी मिळताच प्लास्टर घट्ट का होते, त्याची उकल आंरी ल शातलिए याने १८८७ साली केली. भुकटी आधी थोडी पाण्यात विरघळते. पण तिच्यापासून होणारे जिप्सम पाण्यात तितके विरघळत नाही. म्हणून ते द्रावणातून सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागते. या सुया वाढत वाढत एकमेकींत गुंततात, आणि त्या गुंत्यालाच आपण घट्ट झालेले प्लास्टर म्हणतो.

हे एकदा समजले म्हणजे कलावर्गातील कित्येक अनुभवांची संगती लागते. न धुतलेल्या भांड्यात कालविलेले प्लास्टर हात लावू लावू म्हणेपर्यंत आवळते; कारण भांड्याला चिकटलेले जुने कण हे तयार स्फटिकच असतात आणि नवे स्फटिक त्यांच्याभोवती झपाट्याने वाढतात. चिमूटभर मीठ घातल्याने आवळण्याची क्रिया वेग घेते, तर सरसाच्या पाण्याने ती मंदावते. प्लास्टर नेहमी पाण्यात भुरभुरवावे, भुकटीवर पाणी ओतू नये, हा कारागिरांचा नियमही याच कारणाने झाला आहे. पाण्यात पडणारा प्रत्येक कण स्वतंत्रपणे भिजतो व गोळे राहत नाहीत. भुकटीची लहान लहान बेटे पाण्यावर दिसू लागली की प्रमाण बरोबर जमले असे समजावे, आणि मग बुडबुडे न होतील अशा बेताने हळू ढवळावे.

वजनाचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १ किलो प्लास्टरला पुन्हा जिप्सम होण्यास सुमारे १८६ ग्रॅम पाणी पुरते. परंतु एवढ्याच पाण्यात ते कालविता येत नाही. त्याकरिता ६०० ते ७०० ग्रॅम पाणी घालावे लागते. जास्तीचे पाणी पुढे अनेक दिवस सावकाश उडून जाते व त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. प्लास्टर हलके, सच्छिद्र व रंग शोषून घेणारे असते ते यामुळे. ताजा मुखवटा हाताला थंडगार व जड लागतो, आणि आठवड्याने तोच हलका होऊन वाजू लागतो.

परत मिळणारी उष्णता

भट्टीत पाणी हाकलताना जी उष्णता खर्च झाली, ती पाणी परत घेताना बाहेर पडते. १ किलो प्लास्टर आवळताना सुमारे ३० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. पातळ थरातून ती हवेत निघून जाते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण बादलीभर प्लास्टर एकत्र असेल तर तिला वाट मिळत नाही, आणि मधल्या भागाचे तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. इतका उष्ण पदार्थ काही सेकंद जरी त्वचेला लागून राहिला तरी खोलवर भाजते. अधिक वाईट गोष्ट अशी की, प्लास्टर आधी घट्ट होते आणि उष्णतेचा कळस त्यानंतर येतो. हात आत असेल तर चटका जाणवेपर्यंत तो दगडात अडकलेला असतो.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या एका मुलीने आपल्या हातांचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडविले. ते बाहेर काढता आले नाहीत, आणि तिला बहुतेक सर्व बोटे गमवावी लागली. तिच्या शिक्षकांना वा वर्गातील मुलांना प्लास्टर तापते ही साधी गोष्ट कोणी नेमकेपणाने सांगितली असती, तर हा प्रसंग टळला असता. म्हणून प्लास्टरच्या पिशवीबरोबर हे ज्ञानही वर्गात आले पाहिजे. शरीराचा कोणताही अवयव ओल्या प्लास्टरच्या गोळ्यात कधीही घालू नये.

मग चेहऱ्यावरून मुखवटा कसा घ्यावयाचा? त्यासाठी बहुधा प्लास्टर लावलेल्या पट्ट्या वापरतात. या पट्ट्या वैद्यकाकडून कलेकडे आल्या आहेत. अँटोनियस माटाइसेन या डच लष्करी शल्यवैद्याने १८५१-५२ च्या सुमारास मोडलेली हाडे स्थिर ठेवण्यासाठी जाळीदार कापडात प्लास्टरची भुकटी चोळून त्या तयार केल्या. थर पातळ असल्याने त्यांची उष्णता लवकर निघून जाते. तरीही शाळेत मुलांच्या चेहऱ्यावर त्या लावण्यापेक्षा मातीचा एक चेहरा घडवून त्यावर त्या बसविणे हा सुरक्षित आणि कलेच्या दृष्टीनेही अधिक फलदायी मार्ग आहे. चेहऱ्याची नुसती नक्कल करण्यात मुलाच्या कल्पनेला वाव तो किती! मातीचे नाक ते हवे तेवढे लांब करू शकते. मातीला तेलाचा अथवा साबणाचा हात दिला म्हणजे मुखवटा सहज सुटतो आणि माती पुन्हा भिजवून पुढील वर्गास वापरता येते.

तीन डबे आणि एक मुखवटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंगळूर शहरास कचऱ्याचा प्रश्न काय असतो हे कठोर अनुभवाने कळले आहे. शहराचा कचरा ज्या गावांच्या शिवारात नेऊन टाकला जात असे, त्यांपैकी मावळ्ळीपुर आणि मंडूर या गावांच्या लोकांनी दुर्गंधी व दूषित पाणी यांविरुद्ध आवाज उठविला. २०१२ साली शहरात जागोजागी कचऱ्याचे ढीग साचून राहिले, आणि २०१४ च्या अखेरीस मंडूर येथे कचरा नेणे थांबले. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरोघरी कचरा वेगळा करण्याची पद्धत घालून दिली. ओल्या कचऱ्यास हिरवा डबा, आरोग्याला अपायकारक कचऱ्यास लाल डबा व सुक्या कचऱ्यास पिशवी, अशी ती व्यवस्था होती. शहरातील शाळकरी मुलांच्या ती तोंडपाठ झाली.

अशा मुलाने वृत्तपत्रे, पुठ्ठ्याचे तुकडे, अंड्यांचे ट्रे आणि दुधाच्या पिशव्या गोळा करून मुखवट्याचा सांगाडा रचला. टाकाऊतून टिकाऊ, असे म्हणून शिक्षकांनी शाबासकी दिली. वर प्लास्टरचा लेप आला, त्यावर ऑइल पेंट, त्यावर वॉर्निश. वर्षाने हा मुखवटा टाकून देण्याची वेळ आली, तर तो कोणत्या डब्यात टाकावा? तो ओला कचरा नव्हे, कारण प्लास्टर कुजत नाही. सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळे करून विकले जाते; पण प्लास्टरने माखलेला कागद कोणी घेत नाही, कारण कागदाच्या लगद्यात खडे गेले तर माल बिघडतो. गोळा करण्यापूर्वी ते वृत्तपत्र पुन्हा कागद होऊ शकत होते, ती पिशवी पुन्हा प्लास्टिक होऊ शकत होती. मुखवटा होताच दोहोंचाही पुढचा मार्ग बंद झाला. टाकाऊ वस्तू वाचविण्याच्या सद्हेतूने तीन उपयोगी पदार्थांचा एक निरुपयोगी पदार्थ तयार झाला.

हीच गत रसाच्या व दुधाच्या कागदी खोक्यांची असते. कागद, प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात, आणि ते सोडविण्यास खास यंत्रसामग्री लागते. पदार्थ पुनर्वापरास योग्य आहे की नाही हे केवळ त्याच्या गुणधर्मावर ठरत नाही; तो कोणाशी व कसा जोडला आहे, यावर ते अधिक अवलंबून असते.

हा मुखवटा कचरा-भरावाच्या जागी पुरला गेला, तर त्याची आणखी एक बाजू दिसून येते. जिप्सममध्ये सल्फेट असते. जेथे हवा पोहोचत नाही, ओल असते आणि खाद्य म्हणून कागदासारखे सेंद्रिय पदार्थ असतात, तेथे काही जातींचे जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटावर श्वसन करतात व त्यापासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. अल्प प्रमाणात तो असह्य वाटतो. मोठ्या प्रमाणात तो नाकाची जाणीव बधिर करतो आणि प्राणघातक ठरतो. याच कारणास्तव युरोपीय संघाच्या २००३ सालच्या निकषांनुसार जिप्समयुक्त कचरा कुजणाऱ्या कचऱ्यासोबत एकाच भरावात टाकता येत नाही. आत कागद आणि बाहेर प्लास्टर असा मुखवटा म्हणजे त्या जिवाणूंसाठी वाढून ठेवलेले ताटच. एका मुखवट्याने काही बिघडत नाही हे खरे. पण एका शहरात शाळा किती आणि वर्षे किती, याचा विचार केला पाहिजे.

तलावातील मूर्ती आणि बादलीतील प्रयोग

प्लास्टरच्या या स्वभावाची ओळख गणेशोत्सवाने सर्वांनाच करून दिली आहे. शाडूची अथवा तलावाच्या गाळाची मूर्ती पाण्यात काही तासांत विरघळते. बंगळूरच्या पॉटरी टाउन भागातील कुंभार अशा मातीच्या मूर्ती घडवितात. प्लास्टरची मूर्ती मात्र पाण्यात टिकून राहते. कारण १ लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळते. म्हणजे १ किलो जिप्सम विरघळविण्यास ४०० लिटरांहून अधिक पाणी हवे, आणि तेही सतत हलते. सांकी तलाव किंवा हलसूर तलाव यांसारख्या संथ जलाशयांत ते कसे साधावे? कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली प्लास्टरच्या मूर्ती जलाशयांत विसर्जित करण्यास मनाई केली, आणि २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांतही प्लास्टरला प्रतिबंध आला.

ज्या मूर्ती आधीच तयार झाल्या आहेत त्यांचे काय, या प्रश्नाला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक सुबोध उत्तर शोधले. बेकरीत बिस्किटे फुगविण्यासाठी वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट हा क्षार पाण्यात विरघळवून त्यात मूर्ती बुडवून ठेवली, की जिप्सम व हा क्षार आपापले घटक बदलून घेतात. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा, पांढरा साका बसतो. पाण्यात अमोनियम सल्फेट हे सुपरिचित खत उतरते. आणि कर्बद्विप्राणिद वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम क्षार लागतो, म्हणजे दोहोंचे वजन जवळजवळ सारखेच. पुण्यातील नागरिकांनी घरच्या बादलीत हा प्रयोग करून पाहिला आहे.

ही क्रिया आपल्या देशाला अपरिचित नाही. १९५१ साली सिंद्री येथे जो मोठा खत कारखाना सुरू झाला, त्यात राजस्थानातील जिप्सम आणि अमोनियाचा कार्बोनेट क्षार यांपासून अमोनियम सल्फेटच तयार करीत असत. जी प्रक्रिया कारखान्यात शेतकऱ्यासाठी खत करी, तीच पुढे बादलीत उत्सवाचा शेवट निर्मळ करण्यास उपयोगी पडली. कलावर्गातील प्लास्टरचे तुकडेही या मार्गाने जाऊ शकतात. मात्र तीन अटी आहेत. प्लास्टरवर ऑइल पेंटचे वा वॉर्निशचे आवरण नसावे, नाहीतर द्रावण आत शिरत नाही. काम उघड्या हवेत व मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे, कारण अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. आणि आत कागद, प्लास्टिक, तारा अडकलेल्या नसाव्यात. तिसरी अट पुन्हा त्याच मूळ मुद्द्यावर आणून सोडते.

जुने प्लास्टर तापवून पुन्हा भुकटी करावी, असेही कोणास सुचेल. तत्त्वतः ते शक्य आहे व कारखान्यांत तसे करतातही. घरच्या शेगडीवर मात्र उष्णता सर्वत्र सारखी लागत नाही. काही भाग कच्चा राहतो, काही भागाचे सर्व पाणी जाऊन तो पुन्हा नीट आवळत नाही, आणि रंगाचा धूर होतो तो वेगळाच. म्हणून हा मार्ग शाळेने धरू नये.

सुटू शकणारा मुखवटा

मुखवटा करावाच कसा, याचे उत्तर जुन्या कारागिरांकडे बरेचसे तयार आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा भागात बोहाड्याच्या उत्सवात देवदैत्यांची सोंगे निघतात. त्यांतील पुष्कळ मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. कर्नाटकातच कोप्पळ जिल्ह्यातील किन्नाळ गावी देवमूर्ती व खेळणी घडविणारे कारागीर तागाच्या चिंध्या, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. या साहित्यात उरलेसुरलेच पदार्थ आहेत, पण ते एका जातीचे आहेत. कागद, ताग, लाकूड, चिंचोका हे सर्व वनस्पतिजन्य असून एकमेकांबरोबर कुजू शकतात.

कागदाचा लगदा घट्ट का होतो, याचेही कारण पाण्यातच आहे. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात. ओलेपणी ते सुटे होतात, आणि सुकताना पाणी निघून गेले की जवळ येऊन एकमेकांस रासायनिक आकर्षणाने धरून ठेवतात. खळ त्यांना आणखी बळकटी देते. हे आकर्षण पाण्याने पुन्हा सैल होते. म्हणून लगद्याचा न रंगविलेला, अथवा गेरू, काव, हळद अशा पाण्यात कालविलेल्या रंगांनी रंगविलेला मुखवटा रात्रभर भिजत घातला तर सकाळी त्याचा पुन्हा लगदा होतो. दर वेळी तंतू थोडे आखूड होतात एवढेच. त्यासाठी नव्या रद्दीची भर घालावी. अंड्यांचे ट्रे हे मुळी जुन्या कागदाच्या लगद्याचेच असतात व ते भिजतातही लवकर. गुळगुळीत मासिकांचा कागद मात्र टाळावा. त्यावर चिनी मातीचा लेप असतो व तो लगद्यास चांगला नाही.

प्लास्टर मुळीच वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. साच्यात ओतलेले प्लास्टर कातडीवरील सुरकुतीसुद्धा जशीच्या तशी उतरविते. या कामी त्याच्या तोडीचे स्वस्त साहित्य क्वचितच मिळेल. विद्यार्थ्याने हा आनंद घ्यावाच. पण मग मुखवटा निखळ प्लास्टरचा असावा, किंवा निखळ कागदाचा असावा. दोन्ही हवे असतील तर मध्ये सुटण्याची सोय ठेवावी. मातीच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा घ्यावा आणि त्या साच्यात साबणाचा हात फिरवून लगद्याचे मुखवटे काढावेत. असा एक साचा नीट वापरल्यास अनेक मुखवटे देतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गास प्लास्टरचे चाळीस मुखवटे न करता चार साचे पुरतात. प्लास्टर सच्छिद्र असल्याने लगद्यातील पाणी शोषून घेते व मुखवटा लवकर सुकतो. त्याचा जो गुण रंगाच्या कामी येतो, तोच येथे साच्याच्या कामी येतो. भांडी धुतल्याचे पाणी मोरीत न ओतता बादलीत निवळू द्यावे. नाहीतर तळाशी बसणारे प्लास्टर नळीतच दगड होऊन बसते. भुकटी चाळताना नाकातोंडावर रुमाल बांधावा.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. चंडीगढमध्ये नेक चंद या रस्ते-निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास कोणासही न कळविता फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, दगड आणि भंगार यांपासून मूर्ती घडविण्यास प्रारंभ केला, आणि १९७६ साली त्याचे हे रॉक गार्डन लोकांस खुले झाले. त्या मूर्तींत बांगड्या काँक्रीटमध्ये कायमच्या बसविलेल्या आहेत. ते चुकले काय? नाही. जी कलाकृती पिढ्यान्‌पिढ्या राहावयाची आहे, तिच्यात पदार्थ कायमचे जखडणे योग्यच होय, कारण तिला पुढचा डबाच नाही. शाळेतील मुखवट्याचे आयुष्य एका वर्षाचे असते. घडवायला घेण्यापूर्वी वस्तू किती काळ राहणार आहे हे ठरवावे आणि जोड त्या मानाने पक्के करावे.

यावरून कलावर्गासाठी एक साधी रीत सुचते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मुखवट्याच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवावी: आत काय आहे, कोणत्या पदार्थाने चिकटविले आहे, रंग कोणता, आणि उकलावयाचे झाल्यास काय करावे. 'वृत्तपत्राचा लगदा, मैद्याची खळ, गेरू. रात्रभर भिजवा' एवढे पुरे. जो विद्यार्थी ही चिठ्ठी लिहू शकत नाही, त्याने साहित्य पुन्हा निवडावे. इजिप्तच्या कारागिराने अशी चिठ्ठी लिहिली नव्हती, आणि त्याच्या आवरणातील रद्दी वाचावयास विद्वानांना लेपाचा नाश करावा लागला. पुढील जूनमध्ये कपाट रिकामे करणाऱ्या मुलांना तसे करावे लागणार नाही. ती चिठ्ठी वाचतील, बादली भरतील, आणि गेल्या वर्षीच्या राक्षसाचा लगदा घेऊन या वर्षीचा राजा घडवावयास बसतील.